आमच्या तोंडात कोण बघणार? पुणे जिल्ह्यातल्या एका विसरलेल्या तपासणीचा इतिहास



२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या आत्याची खालची दाढ हलायला लागली. आत्या इंदापूर तालुक्यातली. तरुणपणी दुसऱ्याच्या उसात खुरपायला, नंतर वीटभट्टीवर, आणि गुडघे गेल्यावर घरीच. बारा-तेरा वर्षांची असताना दात दुखतो म्हणून तिच्या आजीने तव्यावर भाजलेली मशेरी लावायला दिली होती. दात दुखायचा थांबला, मशेरी चाळीस वर्षं सुटली नाही. दाढ हलते म्हणून ती तालुक्याच्या गावी एका दाताच्या दवाखान्यात गेली. दाढ काढली, गोळ्या दिल्या, पैसे घेतले. जखम भरेना म्हणून दोन महिन्यांनी परत गेली, तर शेजारची दाढ काढली. मध्येच एका शिबिरात तिला पेस्टची ट्यूब आणि ब्रश फुकट मिळाला, त्याचा फोटोही निघाला.

म्हणजे सहा-सात महिन्यांत तीन वेळा कुणीतरी शिकलेल्या माणसाने तिला "आ करा" म्हटलं. तीनही वेळा दाताकडे बघितलं. ज्या गालाच्या आत ती रोज सकाळी मशेरीचं बोट फिरवायची, तो गाल बाजूला ओढून कुणी बघितला नाही. पुण्याला नेलं तेव्हा चौथा टप्पा होता. अर्धा जबडा काढला. पुढच्या वर्षी आत्या गेली.

पहिल्याच दिवशी गाल बघितला असता तर ती वाचलीच असती, असं आम्ही म्हणत नाही. तेवढं कुणालाच सांगता येणार नाही. पण बघायला लागली असती ती पाच मिनिटं, एक बॅटरी आणि एक छोटा आरसा. हे तीनही त्या दवाखान्यात होते. मग बघितलं का नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही इतिहासात गेलो, आणि तिथे जे सापडलं ते आपल्या चळवळीतल्या पोरापोरींनी वाचायला हवं म्हणून हा लेख.

सुरुवात पुण्यापासूनच करू. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधून चालावं लागे, थुंकी जमिनीवर पडून कुणा सवर्णाच्या पायाला लागू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे जगापुढे मांडलं. आपण हा दाखला भाषणात शेकडो वेळा देतो. पण त्याचा एक अर्थ आपल्या लक्षात येत नाही. या जिल्ह्याच्या राज्यकर्त्यांनी आपल्या पूर्वजांच्या शरीराचा जो भाग सगळ्यात घाण ठरवला होता, तो म्हणजे तोंड. मनुस्मृतीने शूद्राच्या जिभेसाठी शिक्षा लिहिली होती, पेशवाईने थुंकीसाठी मडकं दिलं. अशा तोंडात बोट घालून तपासणारा वैद्य या समाजव्यवस्थेत कुठून येणार होता?

आणि हे फक्त पेशवाईपुरतं नव्हतं. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. त्या शिक्षकाचं पत्र १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापून आलं होतं. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर यायला तयार होईना. मिनतवाऱ्या केल्यावर आला, तो वस्तीच्या बाहेर थांबला. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्याने ते नवऱ्याला दिलं, नवऱ्याने बायकोला लावलं, आणि त्याच वाटेने ते परत डॉक्टरकडे गेलं. डॉक्टरने बाईला हात न लावता न्यूमोनिया सांगितला. बाई मेली. तो डॉक्टर अडाणी नव्हता. त्याच्याकडे पदवी होती, थर्मामीटर होतं. नव्हता तो स्पर्श. उलट बाजूला आपल्याकडे १८९७ चा प्लेग आहे. सावित्रीबाई आजाऱ्यांना उचलून दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच १० मार्चला गेल्या. आजारी माणसाला हात लावायचा की नाही, हा आपल्या देशात वैद्यकाच्या आधी जातीचा प्रश्न आहे.

तोंडाचा कॅन्सर हा तर स्पर्शाशिवाय सापडतच नाही. रक्ताच्या तपासणीत तो दिसत नाही. ओठ उलटा करावा लागतो, गाल बोटाने ओढावा लागतो, जीभ फडक्यात धरून बाहेर ओढून तिच्या कडा बघाव्या लागतात, गळ्याला चाचपून गाठ आहे का बघावं लागतं.

आता तो भाग, जो आम्हाला स्वतःला दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत माहीत नव्हता.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दातांवर संशोधन करणारा एक विभाग होता. डॉ. फली मेहता हे त्याचे प्रमुख, आणि कोपनहेगनचे प्रसिद्ध दंतशास्त्रज्ञ येन्स पिंडबोर्ग त्यांचे सहकारी. या मंडळींनी साठच्या दशकात आधी देशातल्या पाच जिल्ह्यांत ५०,९१५ खेडूतांची तोंडं तपासली. गुजरातचं भावनगर, केरळचं एर्नाकुलम, आंध्रचं श्रीकाकुलम, तेव्हाच्या बिहारातले सिंगभूम आणि दरभंगा. मग ते आपल्याकडे वळले. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन त्यांनी १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली. एक लाख एक हजार सातशे एकसष्ट! हा निबंध १९७२ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये छापून आला. आजही तोंडाच्या कॅन्सरवर जगात कुठेही लिहायचं झालं की या निबंधाचा हवाला दिला जातो.

म्हणजे ज्या जिल्ह्यात गळ्यात मडकं बांधायला लावत होते, त्याच जिल्ह्यात दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी दंतवैद्य दारात येऊन गरिबांना "तोंड उघडा" म्हणत होते. ही लहान गोष्ट नाही. आम्ही आमच्या भागातल्या सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आजी-आजोबांना विचारलं, असं कुणी आलेलं आठवतंय का. देवीच्या लसीवाले आठवतात, मलेरियाची फवारणी आठवते, ७२ च्या दुष्काळातली खडी फोडण्याची कामं तर पाठच आहेत. तोंड तपासणारे कुणालाच आठवले नाहीत. ज्ञान आमच्या जिल्ह्यातल्या माणसांच्या तोंडातून गेलं, छापलं गेलं इंग्रजीत, आणि आमच्यापर्यंत परत आलंच नाही. संशोधकांना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. त्यांनी त्यांचं काम चोख केलं. त्यांनी जे शोधलं ते खेड्यातल्या दवाखान्यात उतरवण्याची जबाबदारी सरकारची होती.

या मंडळींच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली, आणि पुढच्या सगळ्या तपासणीचा पाया तीच आहे. तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा अचानक उगवत नाही. त्याच्या आधी खूणा येतात. गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, तो पुसून जात नाही. कधी लाल मखमलीसारखा चट्टा येतो, तो जास्त धोक्याचा. कधी तिखट सहन होईनासं होतं आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. असा प्रत्येक चट्टा कॅन्सर होत नाही, उलट बहुतेक होत नाहीत. पण कोणता होईल हे बघून सांगता येत नाही, म्हणून त्यावर नजर ठेवावी लागते, गरज पडली तर तुकडा काढून तपासावा लागतो. शरीराच्या आतले कॅन्सर बघायला मशीन लागतं. हा मात्र बहुतेक वेळा आधी सांगून येतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो. आणि भारतात याचेच बहुतेक पेशंट तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात दवाखान्यात पोचतात. पहिल्या टप्प्यात सापडला तर बहुसंख्य माणसं पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. उशिरा सापडला तर गणित उलटं होतं, आणि जगला त्यालाही धड बोलता येत नाही, गिळता येत नाही.

दुसरा इतिहास आपल्या पूर्वेला आहे. इंदापूरवरून भीमा ओलांडून माढा तालुका पार केला की बार्शी. तिथे डॉ. बी. एम. नेने यांनी खेड्यातल्या लोकांसाठी कॅन्सरचं रुग्णालय उभं केलं, नर्गिस दत्त यांच्या नावाचं. १९८७ साली तिथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कुणाला कॅन्सर झाला, कोणत्या टप्प्यात सापडला, माणूस जगला की गेला, हे लिहून ठेवायला सुरुवात झाली. शहरातल्या नोंदणीत पेशंट दवाखान्यात येतो तेव्हा नोंद होते. बार्शीच्या लोकांनी उलटं केलं. त्यांची माणसं गावात जायची, कॅन्सरची लक्षणं सांगायची आणि शंका असेल त्याला रुग्णालयात आणायची. काही वर्षांत त्यांना दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या. नवं मशीन नाही, नवं औषध नाही. फक्त गावात जाऊन नीट सांगणं. १९९५ साली हेही छापून आलं.

इथे एक गोष्ट आम्हाला बोचते आणि ती लिहायलाच हवी. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून आहे. तिच्या आधारे धर्मवार अभ्यास झाले, पारशी समाजातल्या कॅन्सरवर निबंध लिहिले गेले. पण देशाच्या कॅन्सर अहवालांत जातवार तक्ते नाहीत. ऊसतोडणीला कोण जातं, भट्टीवर कोण राबतं, गटारात कोण उतरतं, हे आपल्याला जातीने माहीत आहे. त्यांच्या तोंडाचं काय झालं हे मात्र जातीने मोजलं जात नाही. जातनिहाय जनगणनेची मागणी आपण नोकरी आणि सत्तेतल्या वाट्यासाठी करतो, ते बरोबरच आहे. तीच मागणी आजार आणि मरणाच्या आकड्यांसाठीही करायला हवी.

तिसरा इतिहास केरळचा, आणि आपल्या वाचकांसाठी तो सगळ्यात महत्त्वाचा. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात एक मोठी चाचणी झाली. १३ पंचायती निवडल्या. ७ पंचायतींत घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासायची, ६ पंचायतींत नेहमीचीच व्यवस्था. दोन्हीकडची मिळून जवळपास एक लाख नव्वद हजार माणसं. तपासणारे कोण होते? डॉक्टर नव्हते. दंतवैद्यही नव्हते. वैद्यकाशी संबंध नसलेल्या विषयांत पदवी घेतलेली तरुण माणसं, ज्यांना प्रशिक्षण देऊन हातात बॅटरी दिली होती. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या किंवा दारू पिणाऱ्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. व्यसन नसलेल्यांत असा फरक दिसला नाही. म्हणून उगाच सगळ्यांना घाबरवायची गरज नाही, ज्यांच्या तोंडात तंबाखू-सुपारी आहे त्यांच्याकडे जायचं.

बी.ए., एम.ए. करून स्पर्धा परीक्षेच्या निकालाची वाट बघणारे आपले किती मित्र बारामतीच्या अभ्यासिकांत बसलेत? केरळात हे काम करणारी पोरं त्यांच्यासारखीच होती.

त्या चाचणीची आणि श्रीलंकेत ऐंशीच्या दशकात आरोग्यसेवकांकडून करून घेतलेल्या तपासणीची एक दुखरी बाजू सारखीच निघाली. चट्टा सापडला, पेशंटला पुढच्या तपासणीला पाठवलं, आणि बरेच जण गेलेच नाहीत. दुखत नाही तर कशाला जायचं? एक दिवसाचा रोज बुडवून, एसटीचं भाडं घालून, दुखत नसलेल्या गोष्टीसाठी कोण जाईल? याला आपण अज्ञान म्हणून मोकळे होतो. आमच्या मते तो हिशोब आहे, आणि हातावर पोट असलेल्या माणसाचा हिशोब बहुधा बरोबर असतो.

आता बारामतीकडे येऊ. बारामती म्हटलं की एकच नाव पुढे येतं, आणि या विषयातही ते टाळता येत नाही. शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर झाला, २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. रेडिएशन चालू असतानाही ते केंद्रात कृषिमंत्री म्हणून काम करत होते, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलंय. गुटखा-सुपारीच्या सवयीचा पश्चात्तापही त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला. २०१८ साली मुंबईत भारतीय दंतवैद्यक संघटनेच्या कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की चाळीस वर्षांपूर्वी कुणी सावध केलं असतं तर बरं झालं असतं. राजकारणात आमचे त्यांच्याशी मतभेद आहेत, ते इथे काढत नाही. एवढा मोठा माणूस आपल्या तोंडाच्या आजारावर उघड बोलला, हे चांगलंच झालं. आपल्याकडे आर. आर. आबांसारखा माजी गृहमंत्री फेब्रुवारी २०१५ मध्ये याच आजाराने गेला, आणि चार दिवस हळहळून आपण टपरीवर परत गेलो.

पण त्याच २०१८ च्या पावसाळ्यात आत्याची दाढ हलत होती. त्या कार्यक्रमात दंतवैद्यांच्या संघटनेने २०२२ पर्यंत भारत तोंडाच्या कॅन्सरपासून मुक्त करण्याचं ध्येय जाहीर केलं होतं. २०२२ आलं आणि गेलं. त्या वर्षाचा जागतिक कॅन्सर अंदाज सांगतो की भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४४ हजार नवे पेशंट झाले आणि जवळपास ८० हजार माणसं गेली. बारामतीच्या नेत्याचा कॅन्सर आणि इंदापूरच्या मजूर बाईचा कॅन्सर एकाच जातीचा होता, असं म्हणायची सोय आहे. आजाराला जात नसते म्हणे. आजार सापडायला लागणाऱ्या वेळेला मात्र असते.

सरकारने काही केलंच नाही असं नाही. २०१२ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. त्याआधी २००२ लाही आली होती, ती २००४ साली सुप्रीम कोर्टात टिकली नाही. आजची स्थिती तुम्ही रोज बघता. कंपन्यांनी सुपारीचा पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घातला, गिऱ्हाईक हातावर एकत्र करतं. केस होते ती टपरीवाल्यावर, तो बहुधा आपल्यातलाच कुणीतरी असतो. गुटख्याने काय केलं ते भावनगरच्या आकड्यांत दिसतं. तिथे तोंड आकसण्याचा विकार १९६७ साली ०.१६ टक्के लोकांत होता, १९९३-९४ साली ३.२ टक्के, आणि तोही तरुणांत. आमच्या ओळखीत पंचविशीतली पोरं आहेत ज्यांना वडापाव नीट चावता येत नाही.

तपासणीचं म्हणाल तर २०१६ साली केंद्राने मार्गदर्शक तत्त्वं काढली. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी, शुगरसोबत तोंडाचीही तपासणी, पाच वर्षांतून एकदा, उपकेंद्राच्या पातळीवर. आशाताईंनी घरोघर फॉर्म भरायचा, नर्सताईंनी तोंड बघायचं, संशय आला तर वर पाठवायचं. २०१७ च्या डिसेंबरात राज्य सरकारने महिनाभर मौखिक तपासणीची मोहीमही काढली. कागद चांगला आहे. मग २०१९-२१ चा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी अहवाल उघडा. ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी झालेल्या किती? ०.९ टक्के. पुरुष १.२ टक्के. शंभरात एक. आणि महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे न ओढता खायची-लावायची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आहेत. चारात एक तोंड धोक्यात, आणि देशात शंभरातल्या एकाचंच बघितलेलं.

आशाताईंवर ढकलून आम्ही मोकळे होणार नाही. तुटपुंज्या मोबदल्यात त्यांच्यावर पन्नास कामं आहेत, आणि त्यातल्या अनेक आपल्याच घरातल्या आहेत. म्हणूनच आम्ही दाताच्या खुर्चीवर जोर देतोय. गरीब माणूस दुखत नसताना कुठेच जात नाही, पण दाढ ठणकली की जातो. रात्रभर झोप लागली नाही की उसने पैसे घेऊन जातो. त्या दिवशी तो स्वतःच्या पायाने येतो, खुर्चीत बसतो, प्रकाश डोक्यावर असतो, तोंड उघडं असतं. गरिबाच्या आयुष्यात असा क्षण दहा वर्षांत एकदा येतो. तो फक्त दाढ उपटण्यात घालवणं आम्हाला गुन्हा वाटतो.

बारामतीत दवाखाना चालवणाऱ्या एका दंतवैद्य मित्राशी आम्ही यावर भांडलो. तो आपल्याच समाजातला, पहिल्या पिढीचा. तो म्हणाला, कॉलेजात हे आम्हाला शिकवतात, परीक्षेत विचारतात. पण पेशंट दाढ काढायचे पैसे देतो, गाल बघायचे देत नाही. बाहेर आठ जण बसलेले असतात. आणि चट्टा सापडला, मी कॅन्सरचं नाव काढलं, की तो घाबरून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, तो म्हणतो काही नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण त्यालाच आम्ही विचारलं की तुझ्या आईच्या तोंडात तू किती वेळा बघितलंस? तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आईच्या गालात बारका पांढरा चट्टा होता. पुढे तुकडा तपासला, सुदैवाने काही निघालं नाही, आणि आईने मशेरी सोडली.

आपल्या मित्रांचा एक आक्षेपही आम्ही ऐकलाय. तंबाखूवर बोलणं म्हणजे व्यसनमुक्तीचं कीर्तन, ब्राह्मणी सोवळेपणा. शोषण सोडून शोषिताच्या सवयीवर बोट ठेवणं. या आक्षेपात अर्धं सत्य आहे. भल्या पहाटे उसाच्या फडात उतरणारी बाई तंबाखूचा बार भरते तो चैन म्हणून नाही. भूक मरते, थंडी मरते, कोयता चालतो. मुकादमाला ते सोयीचंच असतं. आमची आजी सांगायची, पाटलाच्या बांधावर आमच्या माणसांना पाणी वरून ओतत आणि तंबाखूही चंचीतून वरूनच टाकत, पण तंबाखूला कधी नाही म्हणत नसत. पाण्याला नाही म्हणत. म्हणून आम्ही आत्याला दोष देत नाही. पण शोषणाने दिलेली वस्तू आपली संस्कृती होत नाही. पंचशीलातलं पाचवं शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो, बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतो, आणि वंदना संपली की बाहेर येऊन पुडी फोडतो. तंबाखू त्या शिलात बसते की नाही यावर तासभर वाद घालणारे कार्यकर्ते आम्ही पाहिलेत, गालात बार असताना.

आणि तपासणी म्हणजे उपदेश नाही. तपासणी हा हक्क आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन होतं, रेडिएशन होतं, ते मिळालंच पाहिजे. पण ही योजना आजार नक्की झाल्यावर सुरू होते. जबडा काढायला सरकार पैसे देणार, आणि जबडा वाचवायची पाच मिनिटं कुणाच्याच खात्यावर नाहीत.

आम्ही काय करतोय ते सांगतो, मोठं काही नाही. विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर बॅटरी घेऊन बसतो. दंतवैद्य मित्र येतो. चूळ भरायची, कवळी असेल तर काढायची. ओठ, दोन्ही गाल, तंबाखू ठेवायची जागा, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू, मग गळा. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते बघायचं. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, न पुसणारा चट्टा, विनाकारण हललेला दात असेल तर चिठ्ठी. ती चिठ्ठी घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं, बारामतीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते आपल्याच करातून उभं राहिलंय. तुमच्या गावातही उपकेंद्रात जा आणि तोंडाच्या तपासणीचं रजिस्टर दाखवा म्हणा. ग्रामसभेत विचारा. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारातल्या खोपींवर तपासणी लावा, अशी मागणी सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरपासून सगळ्या कारखान्यांकडे लेखी करा. टोळ्या मार्चनंतर निघून जातात, त्यांचा माग कुणालाच राहत नाही. ओळखीच्या दंतवैद्याकडे दाढ दाखवायला गेलात तर उठण्याआधी एवढंच म्हणा, डॉक्टर, गालही बघा.

गेल्या खेपेला एक म्हातारी आली होती. सगळ्यांचं झाल्यावर कोपऱ्यातून उठली. तोंडाला पदर लावलेला. म्हणाली, नको बाबा, माझं तोंड लई घाण आहे, मशेरीचं आहे, तू कशाला हात घालतोस. मित्राने काही न बोलता हातमोजे घातले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. बऱ्याच वेळाने तिने पदर काढला. डाव्या गालात रुपयाएवढा चट्टा आहे, मधोमध लाल. मंगळवारी तिला बारामतीला न्यायचं ठरलंय. तिचा मुलगा भट्टीवर आहे, त्याला सुट्टी मिळत नाही, म्हणून आमच्यातले दोघं जाणार आहेत. एसटी सव्वाआठची आहे.